तणमोराची शेवटची नोंद

“एक तरी?”

झोपडीच्या दारात उकिडवा बसून बादल सोळंके तळपायातला काटा काढत होता.

“यंदाच्या पावसाळ्यात एक तरी तणमोर पाहिलास का, बादल? नर, मादी, कसाही. उडताना, नाहीतर मेलेला...”

“तुमी पायला?”

“मी पाहिला असता तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?”

काटा निघाला. बादलने तो बोटावर घेऊन उजेडात धरला आणि फुंकून टाकला.

“तेबी खरं हाये,” तो म्हणाला.

डॉ. श्रीकर देवपुजारी उभाच होता. बस असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि न सांगता बसायची सवय त्याला उरली नव्हती. गेली वीस वर्षं तो जिथे जाई तिथे आधी खुर्ची येई, मग पाणी, मग माणसं. गवतातल्या पक्ष्यांचा अभ्यास म्हटलं की त्याचं नाव निघे. राखीव कुरणांच्या धोरणाचा मसुदा त्याच्या हातचा होता. त्याची पुस्तकं विद्यापीठांत लावली होती. तीन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता.

आणि त्याआधी त्याला एक अहवाल द्यायचा होता.

तणमोर म्हणजे गवतात राहणारा, कोंबडीएवढा पक्षी. त्याच्यासाठीच काळबर्डीचं कुरण राखीव झालं होतं. पण सलग सात वर्षं तिथे एकही तणमोर कुणाला दिसला नव्हता. पक्षीच नसेल तर राखायचं काय, अशी वरून विचारणा झाली. जमीन मोकळी करून एका मोठ्या प्रकल्पाला द्यायचं घाटत होतं. शेवटची पाहणी करायला समिती नेमली गेली. अध्यक्ष श्रीकर.

बारा दिवस सोळा माणसं दुर्बिणी घेऊन कुरणात फिरली. काही दिसलं नाही. आदल्या दिवशी सगळे परतले. श्रीकर एकटा मागे थांबला आणि उजाडता उजाडता हमरस्त्याच्या कडेला, पारध्यांच्या बेड्यावर आला. पारध्यांची वस्ती इथे येऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. श्रीकर तिथे पहिल्यांदाच येत होता.

“एक काम कर,” तो म्हणाला. “तू पाहिलास असं सांग. तारीख सांग, जागा सांग. मी लिहून घेतो, तू अंगठा दे. जुना जाणता पारधी ‘पाहिला’ म्हणतो, एवढं पुरेल. आणखी पाच वर्षं कुणी कुरणाला हात लावणार नाही.”

“सही करतो मी,” बादल म्हणाला. “तुमीच शिकवली होती.”

श्रीकरला ते आठवलं नाही.

“बरं, सही कर मग.”

“न पायलेला पायला म्हनून?”

“कुरणासाठी.”

बादलने मान वर केली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी नजर पूर्वीसारखीच एका जागी टिकणारी होती.

“कुरनासाठी... का तुमच्यासाठी?”

श्रीकरची कानशिलं तापली. असं विचारणारं माणूस त्याच्या आजूबाजूला कितीतरी वर्षांत उरलेलं नव्हतं.

बत्तीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा काळबर्डीला आला, तेव्हा त्याला तणमोर फक्त चित्रात माहीत होता. महिनाभर तो गवत तुडवत फिरला. पक्षी सोडाच, पीसही हाती लागलं नाही. मग गावातल्या कुणीतरी सांगितलं, बादल पारध्याला विचार. त्याच्या फाशातून सुटेल असं पाखरू अजून जन्मायचं आहे.

बादलने त्याला आधी नऊ दिवस एका बाभळीखाली नुसतं बसवलं. लिहायचं नाही, बोलायचं नाही. दहाव्या दिवशी श्रीकरने आपण होऊन विचारलं, “बादलभाऊ, ते समोरचं गवत वाऱ्याच्या उलट का हललं?” त्यावर बादल पहिल्यांदा हसला होता.

तीन पावसाळे त्याने शिकवलं. त्याच्या बायकोने, रुखमीने, घरटी दाखवली. जमिनीवरची, चार-चार अंड्यांची, पाय पडला तरी कळू नयेत अशी. श्रीकरच्या सांगण्यावरून बादलने फासे टाकायचं सोडलं. बेड्यातल्या बाकीच्यांनाही सोडायला लावलं.

श्रीकरने एकेचाळीस घरट्यांचा नकाशा केला. त्या नकाशावर त्याला डॉक्टरेट मिळाली, नाव मिळालं. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर आभार होते. त्यात ‘एक स्थानिक माहितगार’ असा उल्लेख होता. प्रबंधाच्या शेवटी त्याने शिफारस केली होती, की पक्षी टिकायचा तर कुरणात माणूस नको, गुरं नकोत, जाळ नको.

शिफारस मानली गेली. कुरण राखीव झालं. कुरणाच्या मधोमध बादलचा बेडा होता, बावीस झोपड्यांचा. एका सकाळी बेडा उठवायला गाड्या आल्या...

तेव्हा श्रीकर परदेशात होता. त्याला पत्राने कळलं. त्याने वाईट वाटल्याचं उत्तर लिहिलं होतं, की लिहायचं राहून गेलं, हे आता त्याला नक्की सांगता आलं नसतं.

“चाला,” बादल उठत म्हणाला.

“कुठे?”

“कुरनात. सही मागता ना? पाहून घेऊ आंधी.”

“बारा दिवस पाहिलंय आम्ही.”

बादलने झोपडीत जाऊन एक गाठोडं काखेत मारलं आणि चालायला लागला. श्रीकर मागून निघाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं मन मोडायला नको. तासाभराचा तर प्रश्न आहे.

कुंपणापाशी फाटक होतं. श्रीकरच्या खिशात परवानगीचं पत्र होतं. बादल मात्र फाटकाकडे वळलाच नाही. दोनशे पावलांवर तारेखालून एक घळ गेली होती. त्यात तो पोटावर सरकला.

“अरे, तू माझ्याबरोबर आहेस. सरळ ये ना.”

“मले बंदी हाये,” बादल पलीकडून म्हणाला. “दोनदा धरलं. एकदा सा महिने आत होतो. घरात फासे सापडले म्हने. सापडनारच. बापाची निशानी, टाकतो कुठं?”

श्रीकर क्षणभर थांबला. मग तोही तारेखाली वाकला. त्याचा सदरा पाठीवर टरकन फाटला.

आतलं गवत डोक्यावरून जात होतं. राठ, पिवळसर, पायाशी कुजलेलं. मधे घाणेरीची जाळी माजली होती आणि वेडी बाभूळ पसरली होती. बारा दिवस श्रीकर याच गवतातून फिरला होता, पण आखून दिलेल्या वाटांवरून, हातात यंत्र धरून. आता पुढे वाट नव्हती. फक्त बादलची पाठ होती.

“इथं रुखमीची चूल होती,” बादल चालता चालता म्हणाला.

श्रीकरने पाहिलं. घाणेरी होती.

“रुखमी कशी आहे?”

“गेली. रस्त्यावर आलो त्याच हिवायात. ट्रकचा आवाज तिले झोपू देत नवता. मंग ताप आला...”

खूप पुढे गेल्यावर श्रीकर म्हणाला, “मला माहीत नव्हतं.”

“इचारलं नाई तुमी.”

बोलण्यात राग नव्हता. पाऊस नाही पडला, असं सांगावं तसं बादलने ते सांगितलं.

आणखी थोडं चालल्यावर गवत एकदम संपलं. समोर एक मोकळा तुकडा होता, चार-पाच एकरांचा. तिथे गवत गुडघ्याएवढं, मऊ, हिरवंगार होतं. पवन्या होता, मारवेल होतं. श्रीकर जागच्या जागी उभा राहिला. बत्तीस वर्षांपूर्वीचं कुरण असं दिसायचं. सगळंच्या सगळं.

“हे कुणी कापलं?”

“म्या.”

“एकट्याने?”

“इळ्यानं. उन्हायात येतो लपून. पयले गावची गुरं चरत, आमी गवताचे पट्टे जाळत, तं गवत असं राहे. आता डोक्याच्या वर गेलं. त्याच्यात तनमोर उडन तरी कसा? अन् उडला तरी दिसन कोनाले?”

श्रीकरने मान खाली घातली.

हे त्याला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्याच्या एका विद्यार्थिनीने आकडे मांडून दाखवले होते, की माणसं आणि गुरं हटवल्यापासून गवत माजत गेलं आणि पक्षी बाहेर सोयाबीनच्या शेतांत गेले. तिथे औषधाची फवारणी, कापणीची यंत्रं, कुत्री. वर्षाला सात-आठ याप्रमाणे ते संपत चालले होते. श्रीकरने तो कागद दोनदा वाचला. मग तिला सांगितलं, पुरावा अपुरा आहे, तू विषय बदल. तिने बदलला. नंतर तिने अभ्यासच सोडला. त्याच वर्षी धोरणाचा मसुदा त्याच्याकडे आला होता.

“बसा,” बादलने तुकड्याच्या कडेला बोट दाखवलं.

श्रीकर ओल्या मातीत बसला.

“हालू नका.”

गाठोडं घेऊन बादल बाजूच्या उंच गवतात शिरला. पुढच्या क्षणी तो तिथे होता असं वाटेना.

दिवस वर येत होता. ढगांतून फिकट ऊन उतरलं. कुठेतरी चंडोल बोलला आणि थांबला. श्रीकरच्या घोट्यावरून मुंग्या चढल्या, त्याने त्या झटकल्या नाहीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक...

आणि तो आवाज आला.

बेडकासारखा घोगरा, दाणे सुपात हलवावेत तसा खडखडणारा. त्या आवाजाबरोबर तुकड्याच्या पलीकडच्या टोकाला गवतातून काहीतरी काळं-पांढरं उसळलं, गवताच्या शेंड्यांवर क्षणभर तरंगलं आणि खाली गेलं.

पुन्हा आवाज. पुन्हा उडी.

श्रीकरने वही काढली. घड्याळात सात चाळीस झाले होते. ‘तणमोर, नर, १. ७.४०.’ अक्षर त्याचं त्यालाच ओळखू येईना. डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचंही त्याला भान नव्हतं. आहे! अजून आहे! कुरण वाचलं. नकाशा चुकला नव्हता, शिफारस चुकली नव्हती, इतकी वर्षं...

तो उड्या मोजू लागला. चार. पाच. सहा.

सातवी उडी जरा खाली राहिली. आठवी त्याहून खाली. नवव्या उडीआधी बराच वेळ गेला.

श्रीकरला हालू नको म्हणून सांगितलेलं होतं. तो हालला. कोपरांवर सरपटत, गवत बाजूला करत पुढे गेला. दहावी उडी अगदी त्याच्या समोर झाली.

गवतात बादल गुडघ्यांवर बसला होता. तोंड उघडं, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. हातात काळ्या कापडाचं बोचकं होतं. त्याला गळ्यापाशी पांढरी चिंधी बांधलेली. त्याने घशातून तो घोगरा आवाज काढला, बोचकं दोन्ही हातांनी वर फेकलं, आणि पडताना झेललं. झेलताना हात लटलटले.

मग त्याने कान देऊन ऐकलं. चारी बाजूंना. एकदा, दोनदा.

काही नाही.

“हे काय आहे?” श्रीकरचा आवाज फुटला. “हे काय चाललंय बादल? मला फसवतोस?”

“तुमाले कायले फसवू?” बादल धापा टाकत म्हणाला. “हे तुमच्यासाठी नाई.”

“मग?”

“आमची जुनी रीत हाये. नर उडते ना, ते मादीनं पाहावं म्हनून. मादी लपून बसते. उडत नाई, वरडत नाई. नर दिसला तं मान वर काढते. मंग आमाले कये ते कुठं हाये.”

“आणि मग तुम्ही फासा टाकायचे.”

“टाकत होतो.”

“आता?”

“आता नुसतं पायतो. हाये का म्हनून.”

“कधीपासून?”

“सात पावसाळे झाले. रोज सकाळी. नर दिसनं बंद झालं तवापासून.”

“आणि... काढली कुणी मान वर?”

बादलने बोचकं मांडीवर ठेवलं आणि तो त्यावरची कुसळं वेचू लागला.

“नाई,” तो म्हणाला. “अजून तं नाई.”

श्रीकर गवतात बसला. न सांगता, असाच. वहीतली सात चाळीसची नोंद अजून उघडी होती.

“सोळा माणसं होतो आम्ही,” श्रीकर म्हणाला. “सगळे उडणारा नर शोधत होतो. मादी मोजायची रीतच नाही आमच्यात. ती दिसत नाही, म्हणून मोजतच नाही.”

“हं.”

“तुम्ही सात वर्षं हे करताय. कुणाला सांगितलं का नाहीत?”

आपण ‘तुम्ही’ म्हणालो, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

बादलने बोचक्यावरचं शेवटचं कुसळ काढलं.

“बादलभाऊ, मी काय लिहू? शून्य लिहिलं तर कुरण जातं. एक लिहिलं तर...” त्याने वही पुढे केली. “हे बघा. लिहूनही झालंय. कुणाला कळणार नाही. मी लिहिलं की ते खरंच धरतात.”

“ते तं आमाले ठाऊक हाये,” बादल म्हणाला. “अठ्ठावीस वर्सं झाली.”

श्रीकरने वही मागे घेतली. त्याने सात चाळीसची ओळ खोडली. इतकी खोडली की कागद फाटला. नव्या पानावर त्याने लिहिलं, ‘तणमोर : दिसला नाही.’

तिथे तो थांबला नाही. त्याखाली त्याने आणखी चार ओळी लिहिल्या. माणसं आणि गुरं हटवल्यामुळे हे कुरण पक्ष्यांना निरुपयोगी झालं. हटवण्याची शिफारस माझी होती. ती चुकीची असल्याचं मला अकरा वर्षांपूर्वी कळलं होतं. मी ते दडपलं.

त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना मधे दोनदा थांबला.

“चार वळी हायेत?” बादलने विचारलं.

“हो.”

“रुखमी कुठं हाये त्याच्यात?”

श्रीकरने पाचवी ओळ लिहिली. ‘घरटी दाखवली ती रुखमी बादल सोळंके हिने. बेडा उठवल्यानंतरच्या हिवाळ्यात ती रस्त्याच्या कडेला वारली.’

अहवाल गेला. समितीतल्या बाकीच्यांनी पहिली ओळ ठेवली, बाकीच्या पाच विषयाशी संबंध नाही म्हणून काढल्या. श्रीकरने त्या स्वतःच्या नावाने दुसरीकडे छापल्या. त्यानंतर त्याला कुठल्या समितीवर बोलावणं आलं नाही. निरोपाचा समारंभही झाला नाही. त्या विद्यार्थिनीला त्याने पत्र लिहिलं, तिचं उत्तर आलं नाही. पुढल्या पावसाळ्याआधी काळबर्डीच्या कुरणात यंत्रं शिरली, आणि बादलने विळ्याने राखलेला तुकडा पहिल्याच आठवड्यात गेला.

पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी वही मिटून श्रीकर तसाच बसून होता. ऊन आता चांगलं वर आलं होतं. गवतावरचं पाणी सुकत चाललं होतं.

“तुम्ही मला शिकवलंत,” तो म्हणाला. “आणि मी... आता मी काय करू बादलभाऊ?”

बादलने उठायचा प्रयत्न केला. गुडघा साथ देईना. पुन्हा खाली बसून त्याने दोन्ही दंड चोळले. मग बोचकं उचललं, पांढऱ्या चिंधीची गाठ दातांनी घट्ट केली आणि ते श्रीकरच्या हातात दिलं.

श्रीकरने त्याच्याकडे पाहिलं.

तोंडाशी हात नेऊन बादलने तो घोगरा आवाज काढला.

श्रीकर गुडघ्यांवर बसला. एकोणसाठ वर्षांचा, फाटक्या सदऱ्याचा माणूस. दोन्ही हातांनी त्याने बोचकं वर फेकलं. ते जेमतेम गवताच्या शेंड्यांपर्यंत गेलं आणि चिखलात पडलं.

त्याने ते उचललं. पुसलं. इकडेतिकडे पाहिलं.

चारी बाजूंना गवत नुसतं उभं होतं...

“आनखी वर, सायेब,” बादल म्हणाला. “एखांदी असन, तं तिले दिसलं पायजे.”